कचरूची वीत आणि राधेश्यामचा ब्लॉग

"पुढच्या हंगामाला बघच तू! अख्ख्या जिल्ह्यात मोसंबीचं कलम म्हन्लं की मान्सं आधी माझं नाव घेतील अन् मंग देवाचं!"

राधेश्यामने ही घोषणा केली तेव्हा तो अंबडबाहेरच्या आपल्या नर्सरीत, पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसून चहा पीत होता. ऐकायला दोघीच होत्या. एक त्याची बायको पुष्पाबाई, जिला असल्या घोषणांची लग्नापासून सवय होती. दुसरी सून तृप्ती, जिने सकाळी सकाळी ही आग लावली होती.

झालं होतं असं, की त्याच रस्त्यावर थोडं पुढे संपतने नवी नर्सरी काढली आणि फाट्यावर भलाथोरला फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर मोसंबी कमी आणि संपतच जास्त होता. नेमकी यंदाच राधेश्यामने दरवर्षीच्या दुप्पट कलमं बांधली होती. पावसाळा सरायच्या आत ती लोकांच्या शेतात गेली नाहीत, तर पिशव्यांतच मुळांचं भेंडोळं होणार आणि सगळी मेहनत उकिरड्यावर जाणार! त्यामुळे राधेश्यामला संपतपेक्षा दुप्पट मोठा फ्लेक्स हवा होता आणि त्यावर स्वतःचा फेट्यातला फोटो.

"मामा, फ्लेक्स वाऱ्याने फाटतो," तृप्ती म्हणाली. "त्यापेक्षा ब्लॉग लिहा."

"म्हंजी काय?"

"इंटरनेटवर आपली स्वतःची जागा. आता लोक कलम घ्यायच्या आधी मोबाइलवर शोधतात, कसं ओळखायचं, कोणतं घ्यायचं. तिथं त्यांना तुम्ही भेटायला पाहिजेत. दर गुरुवारी एक लेख. खंड पडू द्यायचा नाही. आणि 'आमच्याकडेच या' म्हणून ओरडायचं नाही. उपयोगाचं सांगायचं. विश्वास बसला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं."

"खर्चा?"

"काही नाही."

खर्चा नाही म्हटल्यावर राधेश्यामच्या अंगात लेखक संचारला!

पहिला लेख त्याने दुपारच्या झोपेवर पाणी सोडून लिहिला. तृप्तीने वाचला आणि कपाळाला हात लावला.

"मामा, यात कलम कुठंय?"

"येतंय की! आत्ताशी तर माझं बारसं झालंय!"

तो लेख बाद झाला. दुसरा मात्र खरंच झकास होता. नाव होतं 'मोसंबीचं कलम निवडताना'. पानं कशी हवीत, मुळं कशी बघायची, सगळं अगदी हातचं न राखता सांगितलं होतं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या रोपाला मोसंबीचा डोळा, म्हणजे कोंब भरतात, तो जोड मातीपासून पुरेसा उंच हवा. जोड मातीत गेला की झाड कुजलंच. हे वाक्य टाइप करताना तृप्तीने विचारलं, "उंच म्हणजे किती इंच लिहू, मामा?"

राधेश्याम हसला. अडाण्याकडे बघून शहाणा हसतो तसा हसला.

"शेतकऱ्याला इंच सांगती का तू? तो काय खिशात पट्टी घेऊन फिरतो? लिही, 'चांगली वीतभर!' वीत ज्याची त्याच्यापाशी असती. बराबर?"

इथे मंडळी, घोटाळ्याचं बी पडलं. पण त्या गुरुवारी कोणाला त्याचा पत्ता नव्हता. लेखाखाली प्रतिसाद येऊ लागले. एकाने नुसतंच 'राम राम' घातलं. एकाने काही कारण नसताना हार्दिक शुभेच्छा दिल्या. तिसऱ्याने लिहिलं, 'म्हैस विकणे आहे, दुसऱ्या वेताची.' राधेश्याम प्रत्येक प्रतिसाद पुष्पाबाईला मोठ्याने वाचून दाखवायचा.

"म्हैस आपल्याला घ्यायची हाय का?" ती विचारायची.

"घ्यायची न्हाई गं! पर बघ, मान्सं वाचून राह्यली!"

आणि खरंच एके दिवशी दारात टेम्पो थांबला. पुढच्या सीटवरून तीर्थपुरीचे रामराव उतरले. त्यांना मोठी बाग लावायची होती. राधेश्यामच्या वाढीव मालाचा बराचसा भाग एकट्या त्यांच्या शेतात गेला असता! त्यांच्यामागून त्यांचा मेहुणा उतरला. उतरला म्हणजे काय, तो उतरल्यावर टेम्पो वर उचलला गेला. हा कचरू, केदारखेड्याचा. बहिणीकडे चार दिवस पाहुणा आला होता. एकेकाळी कुस्त्या मारलेला गडी, आणि हात असे की एका पंज्यात भाकरी झाकली जावी.

कचरूने मोबाइल पुढे केला. "ह्यो लेख तुमीच लिव्हला का?"

"मीच!" राधेश्यामची छाती फुगली. केदारखेड्यापर्यंत कीर्ती गेली होती!

"मंग बघू," म्हणत कचरू कलमांच्या ओळीत शिरला. पानं पाहिली, पास. मुळं पाहिली, पास. मग खाली बसला, अंगठा मातीला टेकवला आणि करंगळी ताणली. करंगळी जोडाच्या पार वर गेली.

"आखूड," कचरू म्हणाला.

दुसरं कलम. आखूड. तिसरं. आखूड. अख्खी ओळ झाली आणि कचरू दुसऱ्या ओळीकडे वळला.

"अवो पाव्हनं, तुमची वीत जरा मोठी हाय," राधेश्याम हात जोडून म्हणाला.

"लेखात 'चांगली वीतभर' लिव्हलंय. माझी काय वाईट हाय?"

रामरावांना कलमं आवडली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण मेहुणा! आणि तोही पाहुणा आलेला! चार लोकांत त्याचा शब्द खाली पाडला असता, तर घरी जेवणाच्या ताटाची खात्री नव्हती. ते राधेश्यामला बाजूला घेऊन म्हणाले, "माल बिलकुल चांगला हाय. पर मेहुन्याचा मान हाय. समजून घ्या." आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेले.

तिथून गोष्ट गावोगाव गेली. 'राधेश्यामची कलमं त्याच्याच मापात बसत न्हाईत!' तीर्थपुरीकडचा जो तो कलमं घ्यायला निघाला की आधी कचरूला मोटारसायकलवर मागे बसवू लागला. चार दिवसांचा पाहुणा मुक्काम हलवेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, संपतच्या नर्सरीत कचरूच्या वितीला कलमं पास होत होती! संपतला कंबरदुखी. त्याला खाली वाकवत नाही, म्हणून त्याने सगळे डोळे उंचावरच भरले होते. दुखण्यातून एवढी बरकत दुसऱ्या कोणाला आली नसेल.

राधेश्यामने ताबडतोब पुढच्या गुरुवारी खुलासा टाकला: 'वीत म्हणजे नऊ इंच समजावे.'

खाली पहिला प्रतिसाद आला, 'आधी वीत म्हन्ले, आता इंच म्हन्तेत. माल आखूड निघाला की मापबी आखूड!' दुसरा आला, 'खरं हाय.' तिसरा आला, 'म्हैस अजून आहे.'

मग राधेश्यामचं डोकं भलतीकडेच चाललं. त्याने विचार केला, जोड वर नेता येत नसेल तर माती खाली नेऊ! हातात खुरपं घेऊन तो पिशव्यांतली वरची माती काढू लागला. पुष्पाबाईने लांबून पाहिलं आणि पाण्याचा पाइप तिथेच टाकून धावत आली.

"अवो, मुळ्या उघड्या पाडून राह्यले का तुमी! झाडं मारता का आता?"

"मंग काय करू? सांग की! पाऊस सरायला आला!" राधेश्याम खुरपं टाकून मातीतच बसला. एवढ्या कलमांना त्याने स्वतःच्या हाताने डोळे भरले होते, एकेकाला पट्टी बांधली होती, आणि आता ती सगळी एका परक्या माणसाच्या करंगळीखाली नापास झाली होती. त्याला खरंच रडू आलं. पुष्पाबाईने सगळ्या पिशव्यांत माती परत भरली आणि रस्त्याकडे तोंड करून विचार करत बसली.

दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो रस्त्याने येताना दिसला. रामराव संपतकडे निघाले होते. या खेपेला कचरूच्या जोडीला त्याची बहीण, म्हणजे रामरावांची बायको नंदाबाईही होती. पुष्पाबाई सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"बाईमानूस पहिल्यांदा आमच्या दारावरून चाललंय, च्या घेतल्याबिगर जाऊ देनार न्हाई!"

ब्रेक लागला. चहा आला. पुष्पाबाईने नंदाबाईला कुंकू लावलं, आधी पोराबाळांची चौकशी केली, मग गुडघ्यांची, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाग लावनार कोन, वो ताई? खड्ड्यात कलम कोन धरनार?"

"मीच. अन् वस्तीवरच्या बाया," नंदाबाई म्हणाली. "ह्यांना कुठं वाकनं व्हतं?"

"मंग जोड मातीच्या वर किती ठेवायचा, ते कोनाच्या वितीनं बघनार?"

"माझ्याच की. तिथं काय ह्याला बोलावू?" तिने भावाकडे बोट केलं.

"मंग बघा की जरा मोजून, आल्याच हाव तर."

नंदाबाई उठली. कलमापाशी बसली. अंगठा मातीला टेकवला, करंगळी ताणली. बारकासा हात. जोड करंगळीच्या वर दोन बोटं दिसत होता!

"अगं बाई! हे तर चांगलं उंच हाय!"

दुसरं कलम. उंच. तिसरं. उंच. राधेश्याम ओळीच्या टोकाला श्वास रोखून उभा होता. कचरू मात्र मोबाइल काढत पुढे आला.

"अक्का, पर लेखात..."

"लेखात तुझं नाव लिव्हलंय का?"

"न्हाई."

"तुझ्या पंज्याचा फोटो टाकलाय का?"

"न्हाई, पर..."

"मंग बस तिकडं. येळूएवढी बोटं घेऊन आलाय मोठा! ल्हानपनी माझ्या बांगड्या ह्यानंच फोडल्या, मोजून बघतो म्हनून!"

कचरू बसला. अख्ख्या तालुक्याची कलमं नापास करणारा गडी बहिणीपुढे एवढासा झाला आणि बशीत चहा ओतून गुपचूप पिऊ लागला. रामरावांचं तोंड मात्र असं उजळलं! मेहुण्याचा शब्द त्यांनी खाली पाडला नव्हता. तो बहिणीने पाडला होता, आणि त्यात त्यांचा काही संबंध नव्हता.

"भरा, भरा! जल्दी भरा!" ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "पुन्हा कोनाची वीत यायच्या आत भरा!"

टेम्पो भरला. दुसरी खेप ठरली, तिसरीही ठरली. कलमं चढवायला कचरूच पुढे झाला, आणि त्या हातांचा खरा उपयोग तेव्हा सगळ्यांना कळला. एकेका पंज्यात तो चार-चार पिशव्या उचलत होता. नंदाबाईचा निकाल वस्तीवरच्या बायांमार्फत संध्याकाळपर्यंत फिरला, आणि त्या आठवड्यात गिऱ्हाइकं कचरूला सोडून आपापल्या बायकांना घेऊन येऊ लागली. नर्सरीतल्या ओळी रिकाम्या होत गेल्या. राधेश्याम रोज त्या रिकाम्या जागेतून हात मागे बांधून फेऱ्या मारायचा आणि त्याला फार बरं वाटायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी टेम्पो निघता निघता राधेश्यामच्या अंगातला लेखक पुन्हा जागा झाला. तृप्तीने सांगितलं होतं, समाधानी गिऱ्हाइकाचे दोन शब्द ब्लॉगवर टाकले की लोकांचा विश्वास बसतो. तो मोबाइल घेऊन खिडकीपाशी गेला.

"नंदाबाई, दोन शब्द सांगता का? आमच्या ब्लॉगमुळं तुमाला काय फायदा झाला?"

"कशामुळं?"

"लेख, लेख! जो वाचून तुमी लोक आल्ते!"

"अवो भाऊ, लेखाचं काय घेऊन बसले!" नंदाबाई हसली. "आमच्या शेजारी जाऊबाईची बाग हाय, ती झाडं तुमचीच न्हाई का? ती बघूनच आमचं तुमच्याकडून घ्यायचं कवाच ठरलं व्हतं. तेवढा तुमचा लेख ह्या कचरूनं वाचला, म्हनून तर आमचे खड्डे इतके दिस नुसते पानी पिऊन राह्यले!"

टेम्पो गेला. पुष्पाबाई पदर तोंडाला लावून घरात पळाली. तृप्ती मोठ्या कष्टाने गंभीर राहिली.

"मग मामा, या गुरुवारी खंड पाडायचा का?"

"खंड? बिलकुल न्हाई!"

गुरुवारी लेख आला. नाव होतं, 'धंद्यासाठी ब्लॉग का लिहावा?' त्यात ठळक अक्षरांत तीर्थपुरीच्या नंदाबाईंचा अभिप्राय दिला आहे: 'आमचं तुमच्याकडून घ्यायचं कवाच ठरलं व्हतं.' पुढचा मजकूर तेवढा जागेअभावी गाळला आहे.