रेघेपलीकडची डिश

घरात इंटरनेट तारेचे घ्यायचे की उपग्रहाचे, यावर मोजणीदारांनी जेवणाच्या टेबलाशी जे भाषण केले, त्यात एकही वाक्य खोटे नव्हते. उपग्रहासाठी रस्ता खणावा लागत नाही. त्याची तार उंदीर कुरतडत नाहीत. गटार दुरुस्त करणारा माणूस चुकून त्याच्यावर कुदळ मारत नाही. भाषणात फक्त खरे कारण नव्हते.

"अहो, पण तार गल्लीत आलीये," बायको म्हणाली. "सगळ्यांकडे तीच आहे. कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायलाही अक्कल लागते."

"मला काय, काहीही चालेल. फक्त शुक्रवारी मध्येच बंद पडायला नको."

शुक्रवारी तिची परीक्षा होती. एका शिवणशाळेने ऑनलाइन वर्ग काढायचे ठरवले होते आणि शिक्षिका निवडण्यासाठी नमुन्याचा एक तास ठेवला होता. आजवर तिने लोकांचे कपडे शिवले, उसवले, सैल करून दिले. शिकवायला तिला कुणी पहिल्यांदाच बोलावले होते. त्यांच्या खोल्यांत मोबाइलची रेंज खिडकीत उभे राहिले तरच मिळे, आणि खिडकीत उभे राहून बाही कापता येत नाही.

खरे कारण मधल्या भिंतीपलीकडे राहत होते. घराचा पुढचा भाग थोरल्या भावाचा, मागचा मोजणीदारांचा. तार रस्त्याकडून, म्हणजे दादाच्या बैठकीच्या खोलीतून यायची, आणि दादाशी त्यांचा अबोला होता. वाटणीनंतर दादाने मध्ये भिंत घातली, तेव्हा मोजणीदारांनी टेप आणून दादाची बाजू मोजली आणि जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केले, की भिंत चार बोटे इकडे सरकली आहे. स्वतःची बाजू मोजायची त्यांना गरज वाटली नाही. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. परक्यांची अतिक्रमणे शोधण्याचा त्यांना पगार मिळे, घरचे काम त्यांनी फुकट केले. दादाचे चष्म्यांचे दुकान होते. त्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाकडे पाहणे बंद केले. दोघी जावांचे मात्र येणेजाणे चालूच होते.

डिश आली. मोजणीदारांनी ती गच्चीवर आपल्या हद्दीत ठेवली. गच्चीवरही मधोमध रंगाची रेघ होती, ती त्यांनीच मारलेली. मोबाइलमधल्या ॲपने आकाशाचे चित्र दाखवले: सगळे निळे, मधोमध एक लाल डाग. तो डाग म्हणजे दादाची पाण्याची टाकी. डिश स्टुलावर ठेवली, डाग तसाच. टेबलावर स्टूल ठेवून वर डिश ठेवली, डाग थोडा बारीक झाला आणि स्टूल डुगडुगू लागले. आकाश पूर्ण मोकळे मिळेल अशी जागा एकच होती, टाकीचे झाकण.

"भाऊजींना विचारा की," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? आकाश काय त्याच्या बापाचं आहे?"

"त्यांचा बाप म्हणजे तुमचाच बाप."

शुक्रवारी सकाळी दादा दुकानात गेल्यावर मोजणीदार रेघ ओलांडून गेले. डिश झाकणावर ठेवली, झाकणाच्या कड्यांना सुतळीने बांधली आणि मागे न बघता परत आले. इंटरनेट धो धो सुरू झाले.

"कुठे लावली शेवटी?"

"वर."

"वर कुठे?"

"वर म्हणजे वर. उपग्रह वरच असतो ना?"

दुपारी तास सुरू झाला. पडद्यावर शिवणशाळेच्या प्रमुखबाई आणि आपापल्या घरून बसलेल्या विद्यार्थिनी. बायकोचा आवाज आधी कापत होता. कात्री हातात आल्यावर स्थिर झाला. "बाहीचा गोल काढताना घाई करायची नाही," असे ती म्हणाली आणि प्रमुखबाई मान हलवताहलवता, तोंड अर्धवट उघडे ठेवून, जागच्या जागी थिजल्या. सगळ्याच थिजल्या.

"अहो!"

मोजणीदारांना त्याच क्षणी आठवले. जेवायला घरी आला की दादा आधी वर जाऊन टाकीत डोकावतो. ही सवय लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोरची. पण अबोल्यात त्यांनी भावाकडे बघणेच सोडले होते. त्यांनी झडप घालून लॅपटॉप उचलला, रेंज आली की नाही ते वरच कळेल म्हणून, आणि जिना चढले. बायको कात्री आणि अर्धी बाही घेऊन क्षणभर उभी राहिली. मग ती पुढच्या दाराने जावेकडे गेली.

वर दादाने डिश सोडवली होती. चरे पडू नयेत म्हणून ती स्वतःच्या रुमालावर ठेवली होती आणि सवयीने काचा पुसायच्या फडक्याने पुसूनही काढली होती. आता तो उघड्या टाकीत वाकला होता. अबोला असल्यामुळे तो भावाशी बोलू शकत नव्हता, म्हणून टाकीशी बोलला.

"टाकीवर कुणीतरी ताट पालथं घातलंय."

मोजणीदारांनी लॅपटॉप कठड्यावर ठेवला आणि पाइपाकडे तोंड केले. "ताट नाही, डिश आहे ती. आत बायकोचा तास चाललाय."

"रेघ कुठेय आणि डिश कुठेय?" टाकीतून घुमून आवाज आला. "याला खात्यात काय म्हणतात?"

मोजणीदारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अतिक्रमण," ते पाइपाला म्हणाले.

पण तोवर दादाने झाकण लावले होते. त्याने डिश वर ठेवली आणि सुतळीच्या गाठी पहिल्यापेक्षा घट्ट मारल्या. "तिचा तास आहे हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी हात लावला असता का?"

"कसं सांगणार?" मोजणीदार म्हणाले. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "भिंतीवरून एवढा तमाशा केला. मग तार मागायला कुठल्या तोंडानं यायचं? म्हणून हे वरचं झेंगट. आणि भिंत बरोबर होती. त्या टेपचं सुरुवातीचं टोकच तुटलेलं होतं, प्रत्येक माप चार बोटं जास्त यायचं. दुसऱ्याच दिवशी कळलं मला ऑफिसात. सांगायची लाज वाटली. रोज वाटते."

दादाने चष्मा काढला.

"जरा बाजूला व्हाल का?" कठड्यावरून आवाज आला. "तुमच्यामागे ऊन आहे, आम्हाला नीट दिसत नाही."

मोजणीदार वळले. पडद्यावर सगळ्या हलत होत्या. केव्हापासून, कोण जाणे. एका चौकटीत त्यांचा स्वतःचा चेहरा होता आणि खाली बायकोचे नाव. दुसऱ्या चौकटीत बायको, दादाच्या बैठकीच्या खोलीत, वहिनींच्या लॅपटॉपसमोर, तोंडात टाचण्या धरून. कुणी हसले असते तर बरे झाले असते. एका विद्यार्थिनीने तेवढा आपला कॅमेरा हळूच बंद केला.

बायकोने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"तर मैत्रिणींनो," ती म्हणाली, "कापडाला कात्री लावायच्या आधी टेपचं टोक तपासायचं. जुन्या टेपा टोकाशी तुटतात. एक चूक झाली की पुढचं सगळं कापड वाया जातं, आणि ते पुन्हा जोडता येत नाही."

"हे कुठल्या पुस्तकात नाही," प्रमुखबाई म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतले.

मोजणीदारांनी लॅपटॉप मिटला.

वर्ग तिला मिळाला. प्रमुखबाईंनी एकच अट घातली, तास तारेच्या इंटरनेटवरूनच व्हावेत. कारण विचारायची कुणाला गरज पडली नाही. "अट तुम्ही पुरी करायची," बायकोने घरी आल्यावर सांगितले, "आणि टेपबद्दल मला एवढे दिवस का सांगितलं नाही, ते त्यानंतर बोलू."

संध्याकाळी मोजणीदार पुढच्या दाराशी गेले. बेल वाजवण्याआधी त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात दार उघडले. दादाने त्यांना बैठकीच्या खोलीत नेले आणि कपाट बाजूला सरकवले. मधल्या भिंतीला एक नीटस भोक पाडलेले होते आणि शेजारी तारेचे वेटोळे खिळ्याला अडकवलेले होते. त्यावर धूळ बसली होती.

"माझी तार आली तेव्हाच ठेवलीये तुझ्यासाठी," दादा म्हणाला. "पण भोक अर्धंच पाडलं. पुढे तुझी हद्द."

मोजणीदारांना खाली बघावेसे वाटले आणि त्यांनी बघितले. "मग... तिकडून नेमकं कुठे पाडायचं, ते मोजून घेतो मी."

"मोजू नकोस बाबा," दादा म्हणाला. "तू तिकडून नुसतं ठोक. मी इथून सांगतो."