ठमीचं रडणं

साहेब, तुमच्या कार्यालयाला कान नाहीत. डोळे आहेत, शिक्के आहेत, तीन रंगांच्या फायली आहेत, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. पण लहान मुलांच्या रडण्याचा निवाडा करायला बसलेल्या त्या अख्ख्या इमारतीत ऐकणारा माणूस एकही नाही. हा आरोप तोंडावर आहे, आडून नाही. एका बापाचे सहा शनिवार तुम्ही गिळलेत. कसे गिळलेत ते आता ऐका. म्हणजे वाचा, ऐकायची सवय तुम्हाला नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक माणूस राहतो. तो हिपहॉपच्या गाण्यांचं संगीत बनवतो. गातो दुसराच, शब्द, शिव्या, गळ्यातली जाड साखळी, सगळं त्या दुसऱ्याचं. याच्या वाट्याला खालचा ठोका. म्हणून इमारतीत त्याला बीटवाला म्हणतात. शिकवायला कोणी नव्हतं, आपला आपण शिकला. त्याच्या वडिलांनी त्याचं पहिलं गाणं ऐकून विचारलं होतं, "वरचे लोक कपाट सरकवतायत का?" दुसरं गाणं तयार होईपर्यंत ते वारले.

सात वर्षांपूर्वी त्याचं एक गाणं चाललं. वॉशिंग मशीन कपडे पिळताना जे थडथडतं, त्या आवाजावर बनवलेलं. लोक वेड्यासारखे नाचले. त्यानंतर काही नाही. सात वर्षं तो घरातल्या प्रत्येक वस्तूवर चमचा आपटून बघत होता. बायकोने त्यातली पाच सोसली. ती नर्स आहे, आवाज चढवत नाही. एके दिवशी ती हळू आवाजात "पुरे" म्हणाली आणि मुलीला घेऊन तीन रस्ते सोडून राहायला गेली. मुलगी म्हणजे ठमी, वय वर्षं सहा. शनिवार-रविवार बापाकडे. त्याच्या आठवड्यात दिवस एवढे दोनच. बाकीचे पाच नुसते ढकलायचे.

तर एका सोमवारी जुन्या हार्ड डिस्कमध्ये त्याला ठमीचं रडणं सापडलं. अकरा महिन्यांची असतानाचं, चार मिनिटं अकरा सेकंद. आधी श्वास आत ओढतानाचा बारीक हुंदका आणि मग छत फाडणारा टाहो. त्या हुंदक्यात असा काही ठोका होता की बीटवाल्याच्या अंगावर काटा आला. त्याने साडेचार सेकंदांचा तुकडा कापला आणि वाजवत बसला. त्याच्या धंद्यात काम असंच चालतं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचा आणि त्याच्याखाली ढोल नेमका कुठे बसतो ते शोधायचं. बसेपर्यंत. अकरा दिवस तो बसला नाही.

आणि हे सगळं मोठ्या स्पीकरवर.

खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात. चाळीस वर्षं मुलांचं रडणं ऐकलेला माणूस. त्यांनी वही काढली. "सकाळी अकरा दहा ते दुपारी एक चाळीस," त्यांनी लिहिलं. "दर साडेचार सेकंदांनी. एकाच सुरात, एकाच मापात. माझ्या अनुभवानुसार इतकी शिस्त मारल्याशिवाय येत नाही."

मास्तर वाईट माणूस नाहीत. तक्रार करण्याआधी ते स्वतः वर गेले आणि त्यांनी बेल दाबली. बीटवाल्याची बेल वाजत नाही. रेकॉर्डिंगमध्ये घुसू नये म्हणून त्याने तिच्या जागी टेबलावर लाल दिवा बसवलाय. दिवा लागला, त्याने आवाज थांबवला आणि दार उघडलं.

"बाळ गप्प झालं वाटतं?" मास्तर म्हणाले.

"कुठलं बाळ?"

"अहो, आत्ता रडत होतं ते."

"ते होय! ते मी बंद केलं."

"बंद केलंत? कसं?"

"बटण दाबून." बीटवाल्याला खरंच वाईट वाटलं. "त्रास होतोय का तुम्हाला? आणखी चार-पाच दिवस कळ काढा, मास्तर. मग संपवतोच."

मास्तर कठडा धरून जिना उतरले.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, तुमच्या कार्यालयातून पाहणीबाई आल्या. हातात जाड कागदाचं पॅड, पेन दोरीने बांधलेलं. बीटवाल्याने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. गुन्हेगार नेहमी पाणी देतो असं तुमच्या पुस्तकात असावं, कारण बाईंनी तेही लिहून घेतलं.

"मूल कुठाय?"

"माझ्याकडे मूल नाही. म्हणजे आहे, पण शुक्रवारी नसतं."

"अकरा दिवस रडतंय ते मूल?"

"ते सहा वर्षांचं आहे."

"तक्रारीत तान्हं बाळ आहे."

"तेच हो. ते तान्हं असतानाचं रडणं आहे. आता सहा वर्षांचं झालं."

बाईंनी पेन थांबवून त्याच्याकडे बघितलं. मग त्या उठल्या आणि घर बघू लागल्या. शोधण्यासारखं फारसं नव्हतंच. शेवटी त्यांनी बेडरूममधलं कपाट उघडलं. आत कपडे नव्हते. चारही बाजूंनी जुन्या गाद्या ठोकलेल्या, वरून लोंबणारा माइक, आणि खाली एक छोटं पिवळं स्टूल.

"इथे कोण बसतं?"

"गाणारे बसतात. उभे राहतात खरं तर."

"हे स्टूल?"

"ठमीचं. तिला आवडतं आत बसायला."

"दार लावून?"

"लावावंच लागतं. नाहीतर उपयोग काय!" आणि इथे त्या बिचाऱ्याची छाती फुगली. या कपाटावर त्याने दोन महिने राबून घाम गाळला होता. "आत कितीही ओरडा, बाई. बाहेर टाचणीएवढा आवाज येत नाही. बसून बघता का?"

बाई बसल्या नाहीत.

आता आपण पुरावाच ऐकवला की संपलं, असं त्याला वाटलं. त्याने बाईंना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पडदा उजळला. त्यावर फायलींची रांग होती. 'ठमी रडणं १'. 'ठमी रडणं चांगलं'. 'ठमी रडणं जास्त चांगलं'. 'ठमी जोरात'. 'ठमी गुदमरलेली, वापरू नये'. आणि सगळ्यात खाली, 'ठमीचं शेवटचं रडणं'.

"हे काय आहे?" बाईंनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेवटचं म्हणजे फायनल हो!"

तो ओरडून म्हणाला. ओरडायला नको होतं.

शनिवारपासून भेटी बंद, चौकशी सुरू. ठमीला तुमच्या त्या रंगवलेल्या खोलीत नेलं, जिथली खेळण्यातली अस्वलं सगळी एका डोळ्याची आहेत. पाहणीबाईंनी गोड आवाजात विचारलं, "बाबा तुला रडवतात का गं?"

"नाही."

"मग तू कधी रडतेस का त्यांच्याकडे?"

"मागे पडले होते. गुडघा फुटला होता. तेव्हा रडले."

"मग बाबा काय म्हणाले?"

ठमी खोटं बोलत नाही, आईवर गेलीये. "बाबा म्हणाला, थांब थांब, थोडं मागे सरकून पुन्हा एकदा."

हे वाक्य जसंच्या तसं तुमच्या फायलीत आहे, पान सात. खाली लाल रेघ.

बीटवाल्याने ठमीच्या आईला फोन केला. "तू तरी सांग त्यांना."

"सांगितलं. स्वतः जाऊन सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, तो तिला कधी मारणार नाही. तो हातच लावत नाही पोरीला."

"अगं, असं कुणी सांगतं का!"

"मग काय सांगू? पहिलं पाऊल टाकलं तिने तेव्हा कानाला काय होतं तुझ्या? हेडफोन. मी हाका मारून मारून दमले. तू हाताने खूण केलीस, एक मिनिट."

ते एक मिनिट कुठल्या गाण्यासाठी गेलं, तेही बीटवाल्याला आठवेना.

याच दरम्यान ढोल बसला. घरात शनिवारी कोणी येईना, म्हणून तो शनिवारीही काम करत होता, त्यातच बसला. गाणाऱ्याने वर शब्द टाकले, गाण्यांच्या कंपनीने गाणं बाजारात आणलं आणि ते पेटलं. दुकानांत, रिक्षांत, व्यायामशाळेत, जिथे जावं तिथे ठमी रडत होती आणि लोक माना डोलवत होते. सात वर्षं ज्याची वाट बघितली ते यश आलं ते असं. तो भाजी घ्यायला गेला तर भाजीवाली त्या हुंदक्यावर वांगी तोलत होती. लोक फोन करून म्हणाले, "काय सोल आहे यार त्यात!" तो "थँक्यू" म्हणायचा आणि फोन ठेवून पिवळ्या स्टुलावर जाऊन बसायचा, दार लावून. आतलं खरोखर बाहेर ऐकू येत नाही, हे इमारतीच्या दृष्टीने बरंच झालं.

त्याने ते गाणं पुरावा म्हणून तुमच्याकडे जमा केलं. अर्ज लिहिला, ऐका, हेच ते रडणं. तुमचं लेखी उत्तर तीन आठवड्यांनी आलं: "सादर केलेला पुरावा तपासला. त्यात मूल रडत असल्याचे आढळले. नोंद घेण्यात आली आहे."

साहेब, यावर सही तुमची आहे. एकटे असाल तेव्हा तरी हसलात का?

सुटका केली ती मास्तरांनी. ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, अर्ध्या गालावर साबण. रेडिओवर गाणं लागलं. मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेचार सेकंद. पुन्हा साडेचार. "थांबव!" ते न्हाव्यावर ओरडले आणि तशाच अर्ध्या दाढीने तुमच्या कार्यालयात शिरले. वही टेबलावर आपटून म्हणाले, "तक्रार मागे घेतो. बाळ रेडिओत आहे."

तुम्ही त्यांना टोकन घ्यायला लावलंत. तरी घेतलं त्यांनी, बसले दोन तास साबण वाळवत.

मग कुठे तुमची चाकं फिरली. शेवटची एक तासाची भेट, पाहणीबाईंच्या समोर; ती नीट पार पडली की शनिवार परत. बीटवाला इस्त्रीचा शर्ट घालून गेला. हेडफोन मुद्दाम घरी ठेवले. ठमी आली, आधी लाजली, मग येऊन मांडीवर बसली. मांडीवर बसलेल्या मुलीचे हात कुठे, आपले कुठे, हे त्याला चटकन जमेना.

"बाबा, आमच्या शाळेत सगळे माझ्या रडण्यावर नाचतात. मी सांगितलं, ही मी आहे. कुणाला खरं वाटत नाही."

"खरं आहे ते. तूच आहेस."

"पूर्ण किती वेळ रडले मी?"

"चार मिनिटं अकरा सेकंद." हे त्याला पाठ होतं. तिचा वाढदिवस एकदा विसरला होता, हे नाही.

पाहणीबाई हसल्या. पहिल्यांदाच. त्यांनी पॅड पुढे ओढलं. तुमच्या छापील फॉर्मात तेवीस प्रश्न आहेत, साहेब. मारलं का, उपाशी ठेवलं का, कोंडलं का. तेवीसच्या तेवीस रकान्यांत बाईंनी 'नाही' लिहिलं, खाली शिफारस लिहिली: 'छळ आढळला नाही. भेटी पूर्ववत कराव्यात.' सही केली. शिक्का उचलला.

"तेव्हा घरी कोण होतं?" ठमीने विचारलं.

"मीच होतो. आई ड्यूटीवर होती."

"दुसऱ्या खोलीत?"

"नाही गं. तुझ्यासमोरच. एवढ्यावर." त्याने हाताने अंतर दाखवलं. माइक आणि तोंड यांच्यात ठेवतात तेवढं, वीतभर.

ठमीने त्या वितीकडे बघितलं. तिचा हिशोब चालला होता. पाहणीबाईंचा शिक्का हवेतच राहिला.

"पूर्ण चार मिनिटं?"

"हो."

"मग मला उचललं का नाहीस?"

बीटवाल्याने बाईंकडे बघितलं. भेटीचा वेळ संपलाय, असं त्या म्हणतील अशी त्याला आशा होती. बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि दोरीचं पेन पुन्हा हातात घेतलं.

"सांग ना, बाबा. का नाही उचललंस?"