मंगल पळाली समोरच्या तबेल्यात

"सहदेवच्या म्हशींपेक्षा जास्त दूध काढून दाखवलं नाही, तर दामाजी नाव सांगणार नाही!"

मानपाड्याला रस्त्याच्या अलीकडे दामाजीचा तबेला, पलीकडे सहदेवचा. सहदेवने म्हशींच्या पायाखाली रबरी मॅट, डोक्यावर पंखे, दुपारी पाण्याचे फवारे आणि जोडीला रेडिओ अशी चैन सुरू केली. त्याचं दूध वाढलं आणि दामाजीचं रक्त आटलं! समोर फवारा सुरू झाला की याच्या अंगाचा भडका उडायचा.

"अवो, आपल्या म्हशींना पण जरा गारवा करा," बायको चंद्रभागा म्हणाली.

"त्याची नक्कल मी करू? तो म्हशींना रेडिओ ऐकवतो ना? मी डीजे लावतो!"

पुतण्याच्या हळदीला आणलेले कपाटाएवढे दोन स्पीकर गोठ्यात आले. गाणं सुरू होताच पत्रे थरथरले, घमेली नाचू लागली आणि म्हशींनी पान्हाच चोरला! दामाजी आचळं ओढून दमला. बादलीत पडलं ते दूध मांजरीलाही अपमान वाटावा एवढंच!

"आवाज कमी पडतोय!" म्हणत त्याने बटण पिळलं.

धडाम! त्याच्या लाडक्या मंगलने दावं तोडलं, स्पीकर आडवा केला आणि शेपटी वर करून सुटली. रिक्षा, टेम्पो थांबवत तिने रस्ता ओलांडला आणि माहेरी आल्यासारखी थेट सहदेवच्या फवाऱ्याखाली जाऊन बसली!

दामाजी धापा टाकत पोचला. "ऊठ मंगल! चल घरी!"

मंगलने डोळे मिटून घेतले.

"राहू द्या दादा, घाबरलेय ती," सहदेव म्हणाला. "उद्या न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको दावं घेऊन गेले, तर सहदेव मंगलचंच दूध काढत होता. बादली फेसाने काठोकाठ! दामाजीचा चेहरा घटस्फोटाची नोटीस मिळाल्यासारखा झाला.

"हिला काय चारलंस रे?"

"काय नाय दादा, तुमी देता तोच चारा. पंख्याखाली बसते, हवं तेव्हा पाणी पिते, कोण अंगावर ओरडत नाय. बस!"

चंद्रभागाने पदराने कपाळावरचा घाम पुसला आणि मंगलशेजारी बसकण मारली.

"असं असेल तर मला पण इथंच बांधा!"

त्याच संध्याकाळी दामाजीने म्हशींसाठी दोन पंखे विकत आणले. पहिला मात्र मुकाट्याने स्वयंपाकघरात लावावा लागला!