मंजुळाबाईच्या ढिगाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. ऐकणारांचे कान शाबूत राहोत, लिहिणाराची शाई न वाळो, आणि ज्या बदनाम बायांची नावे पुढे येतील त्यांनी स्वर्गी वा अन्यत्र, जेथे असतील तेथे, रागास न येता ऐकावे. शके सोळाशे त्रेपन्न, विरोधिकृत नाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमीचे सुमारास डोंगराआडच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव कोणी पुसू नये. तेथील बाया अद्याप हयात आहेत आणि त्यांच्या जिभाही.

त्या राज्यात बदनाम बायांची टंचाई कधी पडली नाही. एक कस्तुरा नायकीण होऊन गेली, तिच्या एका गाण्यापायी सरदाराने लढाईचा हत्ती विकिला आणि मोहिमेस म्हशीवर बसोन गेला. एक तुंगाबाई सासू होऊन गेली, ती भाकरीचा पापुद्रा सुनांस देई आणि उरली भाकरी तुपाशी आपण खाई. परंतु या सर्वांच्या वरचढ राणी मंजुळाबाई. चार पिढ्यांमागे गनिमाने गड घेतला, तो या बाईंनी एका नथीपायी चोरदिंडी उघडिली म्हणोन घेतला, ऐसा बोभाटा जाहला, आणि मग बोभाट्यास पाय फुटले. कीर्तनकार बोलले, बाईंनी दिराच्या खिरीत विष कालविले. तमासगीर बोलले, छे, बाईंनी बुरुजावर चढोन गनिमास डोळा मारिला. आणि मंजुळेचे सोंग फडात आले की ऐशा शिट्ट्या पडत की पतिव्रतेचे सोंग घेणारा गडी कनातीआड तोंड पाडोन बसे. पोरे निजेनात तेव्हां आया म्हणत, "मंजुळा येईल हं." चोरदिंडी पाहावी तर इतकी अरुंद की तीतून एक लठ्ठ बकरी जाणे मुश्कील, मग अवघी फौज कैसी शिरली, हे कोणी पुसले नाही. पुसावे तर गोष्टीची गोडी जाते.

पश्चिम वेशीबाहेर या बाईंच्या नावाचा दगडांचा ढीग होता. शिरस्ता ऐसा की पाण्यास, बाजारास वा माहेरास निघालेल्या हरएक बाईने तेथे थांबावे, एक खडा मारावा आणि मंजुळेस पोटभर शिव्या द्याव्या. आणि पुरुषांनी तेथे उभे न राहता मुकाट पुढे चालावे. आता दैवयोग ऐसा की याच मंजुळाबाईंच्या माहेरघराण्यातील चिमाऊसाहेब महाराजांस दिल्या होत्या. मंजुळाबाई त्यांच्या पणजोबांच्या सख्ख्या बहीण. मग काय पुसता! आमटी खारट जाहली की महाराजांच्या मातोश्री तुळजाऊसाहेब म्हणत, "मंजुळेचं रक्त!" दालनाचे दार चुकोन उघडे राहिले की म्हणत, "यांच्या घराण्यात दारं उघडी टाकायची सवयच आहे." चिमाऊसाहेब सोसत गेल्या आणि सोसत गेल्या. परंतु पोटी गर्भ राहिला, दिवस भरत आले, तेव्हां त्यांचा धीर सुटला आणि महाराजांपुढे डोळ्यांस पदर लावोन बोलल्या, "माझं झालं ते झालं. पण उद्या लेक झाली, तर तिलाही पाळण्यात असल्यापासून हेच ऐकवणार का सगळे?"

महाराज सुस्वभावी, बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहोन विरघळले, आणि दवंडी पिटविली की मंजुळाबाई निर्दोष, कोणी खडा मारू नये, शिवी देऊ नये. मग ढीग उपसोन दगड विहिरीच्या पाराशी रचिले, आणि रिकाम्या जागी साध्वी सुशीलाबाई यांचे नावे वृंदावन बांधिले. या सुशीलाबाईंनी उभ्या जन्मात काही केल्याची नोंद नाही, म्हणोनच त्या निवडिल्या. बाया वृंदावनापुढे येत, हात जोडीत, काय बोलावे ते न सुचोन या पायावरोन त्या पायावर होत, आणि घरी जात.

आणि मग राज्यास उतरती कळा लागली. भाकऱ्या करपू लागल्या. भांडी आदळू लागली. तोफखान्याच्या दरोग्याची बायको दारूखान्याच्या किल्ल्या कमरेस लावोन माहेरी गेली, त्यामुळे अक्षय्यतृतीयेची सलामी गोलंदाजांनी तोंडाने "धडाम, धडाम" करोन दिली आणि पाहुण्या वकिलाने ती हसू दाबीत घेतली. कारभारी त्रिंबकपंत पागोट्यावर कढीचे डाग घेऊन दरबारी आले आणि बोलले, यात गनिमाची फितुरी आहे. मग हेर सोडिले. परंतु हेरांच्या बायकाही त्यांच्याशी बोलत नव्हत्या, म्हणोन तेही उपाशीपोटी हिंडले आणि काही न उमगता परत आले.

ऐशात ठकू तांबटीण, तोंडाची फटकळ आणि मनाची निर्मळ, बाळंतघरासाठी नवा हंडा घेऊन वाड्यात आली आणि हंडा खाली ठेवोन चिमाऊसाहेबांपुढे हात जोडोन उभी राहिली.

"बाईसाब, गरीबाला माफी असावी. पर आमची मंजुळा आम्हाला परत द्या."

"कशाला? तिला शिव्या घालायला?" चिमाऊसाहेब तापोन बोलल्या.

"तिला कोण घालतंय वो शिव्या? मी म्हनते, 'मंजुळे, रातभर घोरतीस, जळो तुझं नाक!' आता राणीसाब घोरत हुत्या का न्हाई, मला काय ठावं? घोरतोय आमचा धनी. त्याला तोंडावर बोलावं तर घर मोडतंय, पोटात ठेवावं तर डोस्कं फुटतंय. तितं बोलून टाकलं, की मी मोकळी, त्यो बी मोकळा. गावातली हर बाई तितं रडली, चिडली. पर त्या माउलीनं आजवर एकीचं बी कुनाला सांगितलं न्हाई."

हे ऐकोन चिमाऊसाहेबांस आधी रडू आले आणि मग हसू आले, आणि दोहींचे एकच जाहले. जिच्या नावाने आजवर मान खाली घातली, ती अवघ्या गावाच्या भरवशाची बाई निघाली! ऐसा अभिमान त्यांस लग्नाच्या शालूतही वाटला नव्हता. तैशाच उठोन महाराजांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ढीग होता तसा करा."

महाराज गोंधळोन बोलले, "अहो, पण आम्ही त्यांना निर्दोष ठरवलं ना?"

"त्या राहू देत निर्दोष. खडे तेवढे सुरू करा."

मग हुकूम जाहला की मंजुळाबाई निर्दोष, तथापि खडे पूर्ववत. त्रिंबकपंत म्हणाले, "महाराज, या दोन कलमांचा मेळ बसत नाही." महाराज बोलले, "पंत, घरी ऊन जेवण मिळतं का?" पंतांनी शिक्का उमटविला.

दगड परत वाहिले, वृंदावनाशेजारी पहिल्यापरीस उंच ढीग जाहला, आणि पहिल्या खड्याचा मान चिमाऊसाहेबांस मिळाला. भल्या सकाळी मेणा वेशीशी उतरला. दासी दूर उभ्या केल्या. चिमाऊसाहेबांनी खडा उचलिला, नेम धरोन मारिला आणि वर्षानुवर्षांचे साठलेले बाहेर पडले. "मंजुळे! दार उघडं ठेवलं तर बोलतेस, लावलं तर बोलतेस! मीठ जास्त तरी टोमणा, कमी तरी टोमणा! पोटात लेकरू आहे माझ्या, एकदा तरी विचारलंस, बाई, तुला काय खावंसं वाटतं?"

तों ढिगाच्या पलीकडोन दुसरा खडा येऊन पडला आणि आवाज आला, "मंजुळे! सून होऊन आलीस, पण एकदा तरी आपणहून जवळ येऊन बसलीस? माझा लेक तुझ्या दालनातून हलत नाही. मी बोलायचं कुणाशी? टोमणा मारला तरच वळून बघतेस, म्हणून मारते!"

दासींनी पदराचे बोळे तोंडात कोंबिले. मग ढिगाआडोन मातोश्री तुळजाऊसाहेब पुढे आल्या. मेणा नाही, दासी नाही, पायी आलेल्या. नव्या नवरी असल्यापासोन त्या येथे येत होत्या, हे अवघ्या वेशीस ठाऊक, वाड्यास मात्र नव्हते. सून पाहात राहिली, सासू पाहात राहिली, आणि मातोश्रींनी डोईवरचा पदर सावरिला.

"हळू बोलावं, सूनबाई. मंजुळाबाई बहिऱ्या नाहीत." मग ढिगाकडे पाहोन घसा साफ केला आणि विचारिले, "काय खावंसं वाटतं?"

"आंबेडाळ," चिमाऊसाहेब बोलल्या.

मग सासू-सुना एकाच मेण्यातोन वाड्यात आल्या. भोयांच्या खांद्यास त्रास जाहला, त्यांस इनाम मिळाले. यथाकाळी कन्यारत्न जाहले, आणि मातोश्रींनी कोणास न पुसता पाळण्यात वाकोन कानी नाव सांगितले, मंजुळा.

येणेप्रमाणे राज्य ताळ्यावर आले. तोफा पुनश्च तोफांच्याच तोंडाने वाजतात. सुशीलाबाईंच्या वृंदावनास सरकारातोन नेमाने पाणी घातले जाते, त्यांची कोणाविषयी तक्रार नाही. चोरदिंडी कोणी उघडिली, हे मंजुळाबाई जाणोत. त्या सांगणाऱ्यांतल्या नव्हेत. लिहिणाराची बायको आज सकाळीच वेशीकडे गेली होती आणि हसत परतली, तेथे आमचे नाव कैसे निघाले असेल हे पुसण्याचा धीर नाही. पान वाढिले आहे, भाकरी ऊन आहे, सबब येथेच लेखणी ठेविली.