शेवंतीचे कान आणि सोपानभाऊंचे ब्रेक

आमच्या शेजारचे सोपानभाऊ गाडीचे ब्रेक घोडीच्या कानांवरून तपासतात. घोडी रस्त्याच्या कडेला बांधायची, तिच्याजवळ एक माणूस उभा करायचा आणि लांबून गाडी आणून बरोबर घोडीसमोर ब्रेक मारायचा. मग खिडकीतून मुंडकं बाहेर काढून एकच प्रश्न विचारायचा, "कान?" घोडीजवळच्या माणसानं काय दिसलं ते खरं सांगायचं. डावा हलला, उजवा हलला, की भिऊन दोन्ही मागं गेले. हा माणूस म्हणजे मी.

माझी नेमणूक कशी झाली ते सांगते. जाफराबादेत माझं शिवणकाम आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, आणि लग्नसराईच्या तोंडावर सोपानभाऊंच्या घोडीची झूल. नवरदेवाच्या घोडीला अंगभर जरीची झूल लागते, ती मी शिवते. त्यामुळे शेवंती, म्हणजे त्यांची पांढरी घोडी, मला ओळखते. टेप घेऊन गेले की माप द्यायला गपचूप उभी राहते. एवढी शिस्त माझ्या बायामाणसांच्या गिऱ्हाइकीत नाही.

सोपानभाऊ वरातीला घोडी देतात. अंगानं काटकुळे, डोक्याला रुमाल, आणि बोलणं असं की शब्दाला जकात बसते की काय वाटावं. तबेल्याला लागून एक खोली आहे, तिथं एकटेच राहतात. शेवंतीचं कुणी कौतुक केलं तर तोंड वाकडं करून म्हणतात, "जनावर हाय. जनावरावानी ठेवायचं." त्यांच्याकडं एक पिकअप आहे, तिला मात्र ते ट्रक म्हणतात. आपण पिकअप म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतात. मी एकदा मुद्दाम तीनदा पिकअप म्हणून बघितलं. भाऊ माझ्या डोक्यावरून आभाळाकडं बघत राहिले.

या ट्रकाचे ब्रेक गेल्या लग्नसराईत किंचाळायला लागले. पाटीवर नख ओढल्यावर अंगावर काटा येतो ना, तसा आवाज. गल्लीतली कुत्री उठून दुसरीकडं जाऊन बसायची. माणसाचं ठीक आहे, शिव्या देऊन मोकळं होतं. मागच्या लोखंडी पेटीत उभ्या असलेल्या शेवंतीनं काय करायचं? बदनापूरच्या रेल्वे फाटकाशी एकदा भाऊंनी जोरात ब्रेक मारला आणि शेवंतीनं भिऊन लाथांनी मागचा फाळका वाकवला. त्या दिवसापासून ट्रक दिसला की ती चारी पाय रोवायची. चारा दाखवा, गूळ दाखवा, मागून ढकला. एक पाय वर ठेवेल तर शपथ.

घोडीचा धंदा दोघा भावांचा. थोरले रंगनाथभाऊ सरळ हिशेबी माणूस. ते म्हणाले, "सोपान, घोडी गाडीत चढत नसल तर वराती कशा करायच्या? तुळशीच्या लग्नापर्यंत वाट पाहू. न्हाई चढली तर देऊन टाकू. बाजारातला भट्टीवाला दोनदा विचारून गेला." भट्टीवाला म्हणजे वीटभट्टीवर जनावरं पुरवणारा. तिथं गेलेली घोडी पाठीवर काय वाहते आणि किती दिवस वाहते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले तर ट्रक जॅकवर चढलेला, पुढची चाकं काढलेली आणि भाऊ पालथे पडून आत बघत होते.

पहिला उपाय बसस्टँडमागच्या गॅरेजमधल्या मेस्तरीनं सांगितला. ब्रेकचे पॅड काढून पॉलिश पेपरवर घासायचे, धूळ झटकायची, परत बसवायचे. भाऊंनी ते केलं. शेवंतीला कडेला बांधलं, मला उभं केलं, गाडी आणली. "कान?"

"दोन्ही मागं."

भाऊ परत जॅक लावायला गेले.

दुसरा उपाय त्यांच्या स्वतःच्या डोक्यातला. हा उपाय जगात फक्त घोडीवालाच करू शकतो. शेवंतीची खुरं तडकू नयेत म्हणून भाऊ त्यांना करडईचं तेल चोळतात. तेलानं खूर नरम पडतं, चालताना वाजत नाही. मग ब्रेकच्या डिस्कलाही तेच चोळलं तर? चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी तबकडी, तिला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, एवढं मलाही आमच्या ह्यांच्यामुळं माहीत. हे जाफराबाद-जालना जीप चालवतात. मी म्हटलं, "भाऊ, त्या चिमटीवरच गाडी थांबती. तेल लावून कसं चालल?" भाऊ म्हणाले, "खुराला चालतं."

गाडी आली. आवाज बिलकुल नाही. शेवंतीचे कान जागच्या जागी. मी आनंदानं हात वर केला, आणि भाऊ माझ्यासमोरून तसेच पुढं निघून गेले. ब्रेक शांत झाला होता, फक्त लागत नव्हता. नशीब की पुढं पाटलांची कडब्याची गंजी होती. गाडी तिच्यात अर्धी शिरून थांबली. कडब्यातून भाऊंचा आवाज आला, "कान?"

"कान बरोबर आहेत, पण तुम्ही जिवंत आहात का ते आधी सांगा," मी म्हटलं. मला मनापासून राग आला होता. घोडी वाचवायची म्हणून स्वतः मरायचं, हा कुठला न्याय?

पॅड तेल पिऊन बसले, ते फेकावे लागले. पण त्या दिवसापासून भाऊंनी डोकं लावायचं सोडून डोळे लावले. मेस्तरीच्या शेजारी बसून एकेक भाग बघितला. डिस्कवर चरे पडलेले, कडेला झिजून धार आलेली. पॅड ज्या पिनांवर सरकतात त्या वाळून जाम झालेल्या, म्हणून पॅड मोकळा न होता थरथरतो आणि थरथरला की ओरडतो. मेस्तरी म्हणाला, "लेथवर डिस्क घासून घेऊ." लेथवाल्यानं जाडी मोजली आणि मान हलवली. आधीच इतकी झिजली की घासली तर पातळ पडेल, तापून वाकेल. नवीनच घ्या, आणि दोन्ही चाकांच्या एकदम घ्या.

जालन्याला पार्ट घ्यायला मीही गेले, मला अस्तराचं कापड आणायचं होतं. दुकानदारानं काउंटरवर पॅडचे दोन डबे ठेवले. भाऊंनी एकेक पॅड उचलला, नखानं वाजवला, वास घेतला.

"हा घ्या, कडक माल हाय," दुकानदार म्हणाला. "लोखंडाचं प्रमाण जास्ती. जल्दी झिजत न्हाई."

"ओरडल का?"

"थोडं तं ओरडणारच. ट्रक हाय."

"ह्यो दुसरा?"

"नरम हाय, गपगार चालतो. पण माल वाहायला कशाला घेता? लवकर झिजल, परत खर्चा."

"माल न्हाई. घोडी हाय."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खरंच घोडी आहे." भाऊंनी नरम पॅडचा डबा आपल्याकडं ओढला आणि म्हणाले, "झिजू द्या. पॅड दुसरा भेटतो."

जोडणी त्यांनी देवाची मूर्ती बसवावी तशी केली. नव्या डिस्कवर कारखान्याचं तेल असतं, ते पेट्रोलनं पुसून काढलं. तेलाशी आता त्यांचं वैर होतं. पिना साफ करून नवं ग्रीस भरलं. पॅडच्या पाठीला मेस्तरीनं दिलेला लेप लावला, आणि पुढच्या बाजूला बोटही लागू दिलं नाही. मग पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळावेत म्हणून रिकामी गाडी हळू पळवायची, हलका ब्रेक, परत पळवायची, परत ब्रेक. जालना रस्त्यावर मागून येणाऱ्यांनी त्यांचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

शेवटच्या चाचणीला शेवंती मक्याची धाटं खात होती. गाडी आली, थांबली. "कान?" मी म्हटलं, "भाऊ, तिनं वर बघितलंसुद्धा नाही."

हंगामातली पहिली वरात बदनापूरकडच्या एका गावात होती. सकाळी रंगनाथभाऊ स्वतः बघायला आले. येताना त्या भट्टीवाल्यालाही घेऊन आले, आणि मला त्यांचा संताप आला. सोपानभाऊंनी फाळका उघडून फळी लावली. शेवंती फळीपर्यंत आली आणि चारी पाय रोवून उभी राहिली.

भाऊंनी ट्रक सुरू केला, पुढं नेला, ब्रेक मारून दाखवला. आवाज नाही. परत मागं आणला. शेवंती जागची हलली नाही. गाडी शांत झाली हे आम्हाला कळलं होतं, तिला कोण सांगणार? भट्टीवाल्यानं तंबाखू मळायला घेतली. रंगनाथभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "सोपान, तू लई केलं. आता बास."

सोपानभाऊंनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "वहिनी, तुम्हाला गाडी येती ना?"

"येती. ह्यांनी शिकवली."

"मंग बसा पुढं."

ते लगाम धरून स्वतः फळीवरून वर चढले आणि पेटीत तिच्याकडं तोंड करून उभे राहिले. ओढलं नाही, चुचकारलं नाही. नुसते उभे राहिले. शेवंतीनं एक पाय फळीवर ठेवला, वास घेतला, मग दुसरा ठेवला. आणि खडखडत वर गेली.

"मागं घोडीसंगं कोण बसतं का?" रंगनाथभाऊ म्हणाले.

"म्या बसतो," सोपानभाऊ आतून म्हणाले. "फाळका लावा."

मी गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदाच नवरदेवाची घोडी घेऊन निघाले होते. गावाबाहेरच्या पुलाचा उतार आला. मी भीतभीत ब्रेक दाबला. गाडी अलगद हळू झाली, कुठंही आवाज नाही, आणि त्या शांततेत केबिनच्या मागच्या अर्धवट उघड्या सरकत्या काचेतून मला बोलणं ऐकू आलं. आधी वाटलं भाऊ फोनवर आहेत. एवढे सलग शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"पूल हाय, शेवंते. उतरून राह्यलो. आता थांबल जराशी, भ्यायचं न्हाई. वहिनी चालवून राह्यल्या, बराबर चालवतात." मग आणखी हळू, "तुला मागं एकटीला टाकून म्या पुढं बसत होतो, चुकलं माहं. एवढ्या लोकाची लग्नं लावली आपुन. मला कुठं कोणी नावानं बोलावतं का? घोडीवाला आला म्हणतात. तू हायेस म्हणून जातो. तू गेली असती तं म्या कोणासंगं गेलो असतो?"

मला भरून आलं. पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला, म्हणून मी पदरानं डोळे पुसले. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं मी मागची काच सरकवून बंद केली.