तोंगब्यातली तीन पिल्लं

सुनाखरीचं, म्हणजे ऑर्किडचं, पिल्लू आईरोपापासून अलगद सोडवून कुंडीत बसवणं ही कला अख्ख्या गेझिंग गावात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माणूस सध्या हे लिहितो आहे!

हे वाक्य मी बायकोला, मनहांगमाला, मोठ्याने वाचून दाखवलं. सुकवलेल्या मांसाची सुकुटी परतता परतता तिने विचारलं, "कुंडी कुठाय?"

कुंडी नव्हती.

आमच्या गावात सुनाखरी मंडळ आहे. सभासद अकरा. बारावा होण्यासाठी मी सहा वर्षं अर्ज करत होतो. जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कुणी काही मोजत नाही, तेव्हा कुठेतरी गणती व्हावी एवढीच इच्छा! पण अध्यक्ष जसहांग दाजू, म्हणजे गावाचे थोरले भाऊ, दरवेळी एकच म्हणायचे, "रणधोज भाइ, घरी लावलेलं पिल्लू दाखव, मग बोलू." या वर्षी माझ्या सुनाखरीच्या कांडीवर एक सोडून तीन पिल्लं आली. प्रत्येकाला तीन पानं आणि शेवयांसारखी पांढरी मुळं! मी आजोबा झालो तेव्हासुद्धा इतक्या लोकांना सांगितलं नव्हतं. दाजू म्हणाले, "रविवारी येतो बघायला."

आता पिल्लाला कुंडी लागते अगदी अंगासरशी. चार बोटं रुंद, उभट. अशी वस्तू आमच्या घरात एकच होती. तोंगबा! आंबवलेली नाचणी भरायची, वरून गरम पाणी ओतायचं आणि नळीने ओढायचं, तो बांबूचा मग. मनहांगमाने माहेराहून असे सहा आणलेत. पितळी कड्यांचे, झाकणाचे.

"त्यात माती घालाल तर याद राखा," ती म्हणाली.

मी शब्दाचा पक्का. माती घातली नाही! तळाला विटेचे तुकडे घातले, वर कोळसा, त्यावर ओलं शेवाळ. बुडाला भोक पाडायला हवं होतं, पण तेवढं धैर्य लग्नाच्या पहिल्या वर्षीच संपलेलं. पिल्लू डुलू नये म्हणून तोंगब्याचीच नळी रोवून तिला लोकरीने बांधलं. दमटपणा राहावा म्हणून वर झाकण. तीन मग झाले. आता ते कुणाला दिसू नयेत म्हणून कुठे ठेवले असतील? सहा मग जिथे असतात तिथेच, चुलीवरच्या फळीवर! तिने पाहुण्यांसाठी नाचणी भरून ठेवलेले तीन मग मी मागे सरकवले आणि पिल्लांना ऊब मिळावी म्हणून पुढे आणलं. ही योजना सुचली तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी आरशात जाऊन आलो.

रविवारी दाजू आले. टोपी, काठी, चेहरा तहसीलदारासारखा. मनहांगमाने तांदळाची सेलरोटी आणली, सुकुटी आणली आणि फळीवरचे पुढचे तीन मग आणले. एक दाजूंपुढे, एक माझ्यापुढे, एक स्वतःला.

पाणी ओतायचं काम यजमानाचं. आणि झाकण न काढता, नळीच्या कडेने, त्यातल्या भोकातून बारीक धार सोडणं ही माझी खासियत! थेंब सांडत नाही. किटली वाफाळत होती आणि मी बोलत होतो.

"दाजू, पिल्लू म्हणजे तान्हं मूल! त्याला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही. नखानेसुद्धा दुखवलं नाही मी!"

"पिल्लं आली याचा अर्थ हिवाळाभर पाणी घालत बसलास," दाजू म्हणाले. "तहानलेलं ठेवलं असतंस तर त्याच जागी फुलं आली असती."

"लाडाकोडात वाढवलंय, दाजू," मी म्हणालो आणि तिसऱ्या मगात पाणी ओतलं.

मनहांगमाने एक घोट ओढला. मग माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात ती नजर मी दोनदाच पाहिली आहे. मी माझ्या नळीतून ओढलं. ओला कोळसा! वीटभट्टीत पाऊस शिरावा तशी चव!

दाजू मात्र शांतपणे ओढत होते. मोठ्या माणसाने दिलेलं नाकारायचं नाही आणि लहानाने दिलेल्यात खोट काढायची नाही, अशा पिढीतले ते. अर्धा मग संपवला!

"कोदो कुठली, बहिनी?" त्यांनी नाचणीची चौकशी केली.

"यांनी भरलीय," मनहांगमा म्हणाली. गोड आवाजात!

"दुसरं पाणी घाल, भाइ."

"नको दाजू, पोटाला जड..."

"घाल!"

घातलं. त्यांनी ढवळलं, ओढलं, मिशी पुसली. "हं. आता पिल्लं दाखव."

"ती... आत्ताच अंघोळ करून पडलीयत."

दाजूंनी झाकण उचललं. आत पिल्लू नळीला टेकून, उकडलेल्या पालकासारखी मान टाकून बसलं होतं. मी जमिनीकडे पाहिलं. जमीन मोजायची सवय कामी आली.



"तळाला वीट," दाजू म्हणाले. "मग कोळसा. वर शेवाळ. बरोबर?"

"तुम्हाला कसं..."

"दोन पाणी प्यायलोय मी!" त्यांनी नळी धरून जोराने हलवली. "एवढं ढवळलं, तरी मूळ जागचं हललं नाही. अशी घट्ट लावणी आमच्या अकरा जणांत एकाची नाही. बुडाला भोक नाही, तेवढा एक दोष."

"त्याबद्दल मी आभारी आहे," मनहांगमा म्हणाली.

"पण दाजू, पिल्लं तर गेली!"

"मी पिल्लू लावता येतं का ते बघायला आलो होतो. शिजवता येतं हे जास्तीचं!"

तर मंडळी, मी आता सुनाखरी मंडळाचा बारावा सभासद आहे! छातीवर बिल्ला आहे. आंघोळीलाच काय तो काढतो. एवढंच नव्हे, चैत्रातल्या प्रदर्शनात 'पिल्लू कसं लावावं' हे सगळ्या गावासमोर करून दाखवायचा मान एकमताने मला मिळाला आहे. मनहांगमाने तोंगबे कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आहे, पण कलावंताला असले अडथळे यायचेच.

फक्त एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे सुनाखरीचं एखादं जादा पिल्लू असेल, तर कृपा करून पाठवून द्या.

कुंडीसकट.