निवृत्तीतात्या आणि बिनआवाजाचा मिलिंद

निवृत्तीतात्या कुणाच्याही खोलीत शिरले की आधी पंखा बंद करायचे. घर कुणाचं, आत कोण बसलंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. बारामतीत भर मे महिन्यात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दहा माणसं घामाने निथळत असताना तात्या दारातच बटणावर बोट ठेवत, कान तिरका करत आणि म्हणत, "हां, आता आलं ऐकू." काय ऐकू आलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

तात्या पळसदेवचे. आमच्या क्लासच्या खाली त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतः इतकं हळू बोलत की गिऱ्हाइकाला ओणवं व्हावं लागे. दुसऱ्याचा आवाज कमी झालेला मात्र त्यांना खपत नसे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ थेट भटजींपर्यंत गेले आणि त्यांची हनुवटी धरून माइककडे वळवून आले. एकदा कुणा पुढाऱ्याच्या भाषणात मध्येच उठून लाउडस्पीकरच्या मशीनची बटणं फिरवली. वर खुलासा, "माणूस बरा बोलत हुता, पर घोगरा लागत हुता."

"आवाज हाय. दबलाय निस्ता," हे त्यांचं पालुपद. रेडिओ आतून जळून काळा पडलेला असला तरी हेच.

मी तेव्हा त्या क्लासमध्ये शिकवत होते. नव्व्याण्णव साल असेल. एका दुपारी शेळगावचे साळवे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई जिना चढून आले. गुरुजी निवृत्त शिक्षक. मुलगा मिलिंद नोकरीसाठी दुबईला. त्याने तिथे कॉम्प्युटरवर स्वतःचं चित्रण करून त्याची सीडी एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली होती. दोघांनी ती इंदापुरात कुणाच्या तरी ऑफिसात लावून पाहिली, पण आवाज आला नाही.

"मुलगा दिसतो, बोलतो आणि डोळे पुसतो," गुरुजी म्हणाले. "तेव्हापासून ही जेवलेली नाही."

मी सीडी लावली. मिलिंद पडद्यावर आला. ओठ हलत होते, नाक लाल झालं होतं, मध्येच तो थांबून बाहीने डोळे टिपत होता. मी आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या, स्पीकरचं बटण शेवटापर्यंत पिळलं. चटईखाली मुंगी बोलावी इतपत काहीतरी कानावर आलं.

"रडतंय की वं माझं लेकरू," सुमनबाई म्हणाल्या. "काय झालंय त्याला?"

एवढ्यात पंखा थांबला. म्हणजे तात्या आले होते.

"तात्या, फाइलमध्येच आवाज कमी भरला गेलाय," मी म्हटलं. "कॉम्प्युटरला यापुढे जाता येत नाही."

तात्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "आवाज हाय. दबलाय निस्ता." मग खाली गेले आणि आपला जुना अॅम्प्लिफायर छातीशी धरून वर घेऊन आले. कॉम्प्युटरच्या मागची वायर काढून त्यात खुपसली, बटण फिरवलं, आणि खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. आवाजाबरोबर घरघरही वाढली होती. सुमनबाईंनी कानांवर हात ठेवले.

तात्यांनी डोळे मिटले. एक बटण केसभर इकडे, दुसरं केसभर तिकडे. गिरणी हळूहळू लांब गेली आणि तिच्यातून माणूस बाहेर आला.

"...आई, तू पाठवल्याला ठेचा आज उघडला. लई जाळ हाय. दोन घास खाल्लं आन हे बघ, नाकाडोळ्यातनं पाणी. खोलीतली पोरं हसत्यात मला. पर समदा संपवणार हाय. पुढच्या येळी दोन डबं पाठव."

गुरुजींनी चष्मा काढला. सुमनबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यालाच रागे भरू लागल्या, "आरं, भाकरीसंगं खायाचा असतोय त्यो. निस्ता कशाला खाल्लास?" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. मग त्यांनी पाणी मागितलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अवं, काय तरी खाऊ या का?" खालून भजी मागवली. सुमनबाईंनी दोन प्लेटी खाल्ल्या. तोवर तात्यांनी मिलिंदचा आवाज कॅसेटवर उतरवून दिला.

त्याच रविवारी मी क्लासमधल्या मुलींना घेऊन पळसदेवला गेले. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं, एरवी पाण्याखाली असलेलं देऊळ उघडं पडलं होतं, ते बघायला. परतताना तात्यांच्या घरी डोकावले. अंगणात तात्या एका बाईसमोर मांडी घालून बसले होते आणि ओठ मोठे मोठे हलवून काही सांगत होते. आवाज अजिबात नव्हता.

"ही शांता, माझी मालकीण," मला बघून ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या साली ताप आला, कान गेलं. म्या समदं करून बघितलं."

शांताबाई माझ्याकडे बघून हसल्या. "ठेच्याचं सांगितलं ह्यांनी. तीनदा सांगाय लावलं मी."

"हिलाच न्यायला पायजे हुतं बारामतीला," तात्या म्हणाले. "पोराच्या तोंडाकडं बघून हिनं घडाघडा सांगितलं असतं. माझी मशीन लागलीच नसती."

"मग आणत का नाही कधी?"

"येत न्हाय. म्हणती, रस्त्यानं चालताना तुमच्या तोंडाकडं बघू का पायाखाली बघू?"

शांताबाईंनी हे त्यांच्या ओठांवरून वाचलं असावं. त्या लाजल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तात्या पुढे काही सांगू लागले होते, ते अर्ध्यावरच थांबले. मी समोर होते, मला ऐकू येत होतं. पण ते दाराकडे बघत गप्प बसून राहिले, त्या चहा घेऊन पुन्हा समोर येऊन बसेपर्यंत.